विश्लेषण : रात्री दोन वाजता लेकराला झटका आला तर? ‘इमर्जन्सी’च्या दारात नेमके काय घडते?

कधी धावायचे, कुठे जायचे, नंबर आपला असताना दुसऱ्याला आधी का घेतात आणि कायदा काय सांगतो? लातूरमधल्या एका रात्रीचा अनुभव आणि नांदेडच्या २०२३ मधल्या घटनेचा धडा.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. औसा तालुक्यातले आमचे गाव. पंगती उठल्या, भांडी झाली, पाहुणे पांगले. वीस महिन्यांच्या माझ्या मुलीला संध्याकाळपासून ताप होता. औषध दिले, ती झोपली. रात्री दीडच्या सुमारास बायकोने हाक मारली. मुलीचे डोळे वर गेलेले, हातपाय ताठ होऊन हिसके देत होते, तोंडातून फेस.

घरात गोंधळ उडाला. आई कांदा फोडायला धावली. कुणीतरी चप्पल हुंगवायला आणली. कुणी म्हणाले, दातखीळ बसेल, तोंडात चमचा घाला. मी इंजिनिअर, दिवसभर मोबाइलवर बातम्या लिहिणारा. मला काहीही सुचले नाही. शेजारच्या काकांनी जीप काढली. गावाची वेस ओलांडेपर्यंत हिसके थांबले होते, पण मुलगी निपचित होती. लातूर येईपर्यंतची पाऊण तासाची वाट मी तिच्या नाकासमोर बोट धरून काढली.

पहिल्या दवाखान्याच्या दारात वॉचमनने सांगितले, “बच्च्यांचे डॉक्टर नाहीत, पुढे जा.” आत कुणाला विचारण्याची तसदीही घेतली नाही. दुसऱ्या ठिकाणी आत घेतले. डॉक्टरांनी मुलीला तपासत तपासत विचारले, “झटका किती मिनिटं होता? वजन किती? शेवटचं औषध कोणतं, किती, कधी? आधी कधी असं झालं होतं?”

एकाही प्रश्नाचे नीट उत्तर मला देता आले नाही. हा लेख त्या न दिलेल्या उत्तरांसाठी आहे.

मुलीला नेमके काय झाले होते?

त्याला तापातला झटका म्हणतात. साधारण ६ महिने ते ५ वर्षे या वयात, ताप झपाट्याने चढताना मेंदूच्या पेशी काही क्षण एकदम उत्तेजित होतात आणि झटका येतो. जगभरात दर १०० मुलांपैकी २ ते ५ मुलांना लहानपणी एकदा तरी असा झटका येतो. बहुतेक वेळा तो काही मिनिटांत आपोआप थांबतो. त्यामुळे मेंदूला इजा होत नाही, आणि त्याचा अर्थ मुलाला फिट्सचा आजार जडला असाही नाही. मात्र ज्यांना एकदा येतो, त्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना पुन्हा तापात तो येऊ शकतो.

मग दवाखान्यात का न्यायचे? कारण पहिल्या झटक्यामागे साधा ताप आहे की मेंदूज्वर, हे घरी ठरवता येत नाही. मूल सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला असेल, एकाच दिवसात पुन्हा आला असेल, शरीराच्या एकाच बाजूला असेल किंवा थांबल्यावरही मूल शुद्धीवर येत नसेल, तर तो तातडीचा प्रसंग समजायचा.

त्या मिनिटांत घरच्यांनी काय करायचे?

आम्ही जे केले, त्यातले जवळपास काहीच नाही.

लेकराला सपाट जागेवर, कुशीवर झोपवा. म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. जीभ गिळली जाईल ही भीती खोटी आहे. चमच्याने दात तुटण्याची आणि घास अडकण्याची भीती मात्र खरी आहे. कांदा आणि चप्पल यांनी झटका थांबत नाही. तो मुळातच दोन-तीन मिनिटांत थांबणार असतो आणि श्रेय कांद्याला जाते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे घड्याळ बघा. झटका आम्हाला अर्ध्या तासाचा वाटला होता. नंतर बायकोच्या मोबाइलमधले कॉल तपासले, तेव्हा तो तीन मिनिटांच्या आत थांबल्याचे लक्षात आले. डॉक्टरांसाठी तीन मिनिटे आणि दहा मिनिटे यांत उपचार बदलतात. शक्य असेल तर एकाने व्हिडिओ काढावा. तो डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. पुन्हा झटके येणाऱ्या मुलांसाठी नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे मिळतो, पण तो डॉक्टरांनी लिहून दिला आणि वापर शिकवला तरच.

औषध दिले होते, मग ताप का उतरला नाही?

इथे माझी चूक होती. तापासाठीच्या पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. साधारण एका किलोला १५ मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी. म्हणजे १० किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम. पण बाजारात सिरप वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते. एका बाटलीत ५ मिलिलीटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, तर दुसरीत २५०. बाटल्या जवळपास सारख्याच दिसतात. आम्ही स्वयंपाकघरातल्या चमच्याने अंदाजे पाजले. कमी दिले तर ताप उतरत नाही, आणि घाबरून दर दोन तासांनी देत राहिले तर यकृतावर बेतते.

तरीही एक गोष्ट डॉक्टरांनी बायकोला आवर्जून सांगितली : औषध बरोबर दिले असते तरी झटका टळला असता असे नाही. ताप उतरवण्याचे औषध लेकराला आराम देते, झटका अडवत नाही. त्यामुळे ‘तू लक्ष दिलं नाहीस’ हे वाक्य घरात कुणी कुणाला म्हणू नये.

कोणती लक्षणे दिसली की सकाळची वाट बघायची नाही?

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवली जाणारी धोक्याची लक्षणे पालकांनाही ओळखता येतात :

- मूल काहीच पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही.
- पोटात गेलेले सगळे उलटून पडते.
- झटका आला आहे.
- मूल सुस्त आहे, हाक मारून, हलवूनही नीट जागे होत नाही.

श्वास मोजणेही सोपे आहे. मूल शांत असताना पोटाची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जोरात चालला आहे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच निघा.

जुलाबात डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू जागेवर जाते, लघवी होत नाही, ही पाणी कमी झाल्याची खूण. वाटेतही ओआरएस थोडे थोडे पाजत राहा. एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात अर्धे पाकीट असा हिशेब करू नका.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे, विंचू. लहान मुलाला विंचू चावला आणि घाम, उलटी, हातपाय थंड पडणे सुरू झाले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवणे जिवावर बेतू शकते. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचे महत्त्वाचे संशोधन डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये राहून केले. ते मूळचे जालना जिल्ह्यातले, म्हणजे मराठवाड्याचेच. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या दंशाने अनेक मुले दगावत, तो आज वेळेत पोचल्यास बहुतेकदा बरा होतो. ‘वेळेत’ हा शब्द मात्र तेव्हाही महत्त्वाचा होता आणि आजही आहे.

आम्ही आधी आलो, मग दुसऱ्याला आत का घेतले?

त्या रात्री आम्ही बाकावर बसलो होतो. मुलगी तपासून झाली होती, रक्त घ्यायचे बाकी होते. तेवढ्यात माझ्याच वयाचा एक माणूस टॉवेलात गुंडाळलेले बाळ घेऊन धावत आला. नर्सने आमच्याकडे न बघता ते बाळ आत नेले. डॉक्टरही तिकडे गेले. पुढचा पाऊण तास आमच्याकडे कुणी फिरकले नाही. माझा पारा चढला. “आम्ही आधी आलोत ना?” मी काउंटरवर विचारलेही.

इंजिनिअरिंगला आम्ही रांगेचे दोन प्रकार शिकलो होतो. एक, आधी येईल त्याला आधी. दुसरा, ज्याचे काम जास्त निकडीचे त्याला आधी. एसटीचे तिकीट पहिल्या रांगेत मिळते. इमर्जन्सीत दुसरीच रांग चालते. याला ट्रायाज म्हणतात. श्वास, रक्ताभिसरण किंवा शुद्ध यांत गडबड असेल तर तो रुग्ण ‘लाल’, त्याला एक मिनिटही थांबवायचे नाही. ज्याला लवकर बघायला हवे पण जो काही वेळ तग धरेल तो ‘पिवळा’. बाकीचे ‘हिरवे’. माझी मुलगी तोपर्यंत रडायला लागली होती. इमर्जन्सीत रडणारे मूल ही बऱ्याचदा चांगली बातमी असते. गप्प पडलेल्या मुलाला आधी बघतात.

म्हणून बाकावर बसवले तर चिडण्यापेक्षा एक काम करा : मुलाच्या अवस्थेत काही बदलले, श्वास वाढला, मूल सुस्त झाले, पुन्हा झटका आला, तर लगेच जोरात सांगा. रंग बदलू शकतो, आणि तो बदल सगळ्यात आधी आईबापालाच दिसतो. आणि हो, बाकावर बसलेल्या पालकांना ‘तुमचे मूल स्थिर आहे, म्हणून थांबवले आहे’ एवढे एक वाक्य सांगायला कुणाचेही पैसे पडत नाहीत. ते आम्हाला कुणी सांगितले नाही.

ते बाळ कुठून आले होते?

नंतर बाहेर त्या बाळाचे वडील भेटले. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. “चार दिवसांचं आहे. दोन दवाखाने फिरून आलो,” एवढेच म्हणाले. दोन्ही ठिकाणी त्यांना ‘पुढे न्या’ सांगितले होते.

‘पुढे न्या’ या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडला पाहिले.

नांदेडमध्ये काय घडले होते?

विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बाळे होती. पुढच्या दिवसात आणखी ७ जण गेले, त्यांत ४ बालके. ४८ तासांत एकूण ३१ मृत्यू, त्यांपैकी १६ बालके.

मी त्याच विष्णुपुरीत, श्री गुरुगोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकलो. रुग्णवाहिकेचा भोंगा आमच्या हॉस्टेलच्या रात्रींचा भाग होता. तो आवाज कुठून येतो, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

तो कुठून येतो, ते नकाशा सांगतो. या रुग्णालयात नांदेड जिल्ह्याबरोबरच हिंगोली, परभणी, यवतमाळचा लागून असलेला भाग आणि तेलंगणातले रुग्ण येतात. जिल्ह्यातल्याच किनवट-माहूरहून नांदेड गाठायचे तर शंभर किलोमीटरहून जास्त अंतर आहे. त्या दिवसांत समोर आलेल्या माहितीनुसार नवजात अतिदक्षता कक्षाची क्षमता २४ खाटांची होती आणि तिथे ६५ बाळे होती. म्हणजे एका बाळाच्या जागेत अडीचहून जास्त.

बरेच रुग्ण खासगी आणि अन्य रुग्णालयांतून शेवटच्या टप्प्यात आले होते, बाळांचे वजन कमी होते, सलग सुट्ट्यांमुळे गर्दी वाढली, असे प्रशासनाने सांगितले. औषधे बाहेरून आणावी लागली, लक्ष दिले गेले नाही, असे नातेवाइकांचे म्हणणे होते. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. रिक्त पदे किती, औषधखरेदी कशी होते, आरोग्यावर खर्च किती, खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी का नाही, असे प्रश्न तिथे आले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. बाळ उशिरा पोचले, हे खरे असेल. पण ते उशिरा का पोचले, याचे उत्तर वाटेतल्या प्रत्येक बंद दारात आहे.

मग न्यायचे तरी कुठे? आणि कसे?

शासकीय व्यवस्थेची शिडी अशी : प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, त्यावर जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय. नांदेडला विष्णुपुरीचे रुग्णालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही शेवटची पायरी. २८ दिवसांपर्यंतच्या आजारी बाळांसाठी एसएनसीयू नावाचे विशेष कक्ष असतात. आपल्या तालुक्याला सगळ्यात जवळचा कक्ष कुठे आहे, हे गरोदरपणातच आशाताईंना विचारून ठेवा. रात्री दोन वाजता विचारायचा हा प्रश्न नाही.

१०८ ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या २३३ मध्ये गंभीर रुग्णासाठीची प्रगत यंत्रणा, उरलेल्या ७०४ मध्ये प्राथमिक जीवरक्षक सुविधा. फोनवर गाव, तालुका आणि ठळक खूण सांगा. ‘चार दिवसांचे बाळ, श्वास जोरात’ किंवा ‘झटका सुरू आहे’ असे नेमके सांगा, म्हणजे योग्य गाडी येते. सेवा मोफत आहे.

नवजात बाळ न्यायचे असेल तर ते गार पडू देऊ नका. टॉवेलापेक्षा आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरलेले बाळ जास्त उबदार राहते. डोक्याला टोपरे घाला. पीत असेल तर अंगावर पाजत राहा. आणि एका दवाखान्याने पुढे पाठवले तर ‘तिकडे फोन करून खाट आहे का विचारा आणि चिठ्ठीवर दिलेले उपचार लिहा’ एवढा आग्रह धरा. चिठ्ठी नसेल तर पुढचा डॉक्टर पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो.

दारातून परत पाठवता येते का?

नाही. जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला वाचवण्याचा प्रयत्न करणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवले होते. वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल लागला.

महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार खासगी रुग्णालयालाही तातडीच्या रुग्णाला आधी आपल्या परीने प्राथमिक, जीवरक्षक उपचार द्यावे लागतात. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. डॉक्टर नसतील, खाट नसेल, तर पुढे पाठवता येते. पण ते तपासून, स्थिर करून. वॉचमनच्या तोंडून नाही.

पैशांचे काय?

एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळ्यांनाच उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र वेगळ्या विभागाकडे आहेत, हा फरक लक्षात ठेवा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ते ठरलेल्या आजारांसाठी आणि अंगीकृत रुग्णालयांतच मिळते. तातडीच्या प्रसंगी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागदपत्रे नंतर देता येतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा.

मोबाइलमध्ये आजच काय लिहून ठेवाल?

- मुलाचे वजन, तारखेसह. दर दोन-तीन महिन्यांनी बदला.
- लसीकरण कार्डाचा आणि रेशन कार्डाचा फोटो.
- कोणत्या औषधाची ॲलर्जी, आधीचा आजार, झटक्याचा इतिहास.
- ताप असताना : औषधाचे नाव, बाटलीवरची तीव्रता, किती मिली, किती वाजता.
- रात्री चालू असणारे, बालरोगतज्ज्ञ असलेले जवळचे दोन दवाखाने. रात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर.

आमची मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. आल्या आल्या महालक्ष्म्यांपुढची करंजी मागितली. आईने देवाला हात जोडले, आणि कांद्याचा विषय पुन्हा घरात निघाला नाही.

टॉवेलातल्या बाळाला पहाटे मोठ्या रुग्णालयात हलवले. वडील रुग्णवाहिकेत चढताना पिशवी खाली पडली, ती मी उचलून दिली. त्या बाळाचे पुढे काय झाले, मला माहीत नाही.

माझी मुलगी आज १२ किलो ४०० ग्रॅमची आहे. हा आकडा माझ्या मोबाइलमध्ये सगळ्यात वर आहे. तो माहीत नसणे ही माझी चूक होती आणि ती दुरुस्त करायला मला दोन मिनिटे लागली. पण चार दिवसांच्या बाळाने दोन दारे ओलांडून तिसऱ्या दारात यावे, ही त्या बापाची चूक नव्हती. ती दुरुस्त करण्याचे काम त्याच्या मोबाइलमध्ये होणारे नाही.